बेघरांचा निवारा दात्यांच्या मर्जीवर सोडू नका

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

परळ-दादर भागात रात्री फूटपाथवर झोपणाऱ्यांना जेवण नेऊन देणाऱ्या एका छोट्या गटात मी काम करते. आमची नोंदणीकृत संस्था नाही. कोणी नोकरी करणारे, कोणी निवृत्त, काही महाविद्यालयातली मुले, एवढाच आमचा पसारा. हे काम करता करताच माझे मत पक्के होत गेले की रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला छप्पर, अंथरूण, संडास आणि कागदपत्रे मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती आमच्यासारख्यांवर सोडून देणे हा त्या माणसावर अन्याय आहे. ते मत आपल्यापुढे मांडायला हे खुले पत्र लिहीत आहे.

दानधर्म कसा चालतो ते आधी सांगते, कारण मंत्रालयातून ते दिसत नसेल. दान देणाऱ्याच्या सवडीने येते. पितृपक्षात, दिवाळीत, कोणाच्या वाढदिवसाला, कोणाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ येते. टाटा रुग्णालयाच्या परिसरात एकेका संध्याकाळी तीन-तीन गाड्या जेवण घेऊन उभ्या राहतात, आणि तिथून थोड्याच अंतरावर पुलाखाली झोपणाऱ्या कुटुंबांकडे कोणी फिरकत नाही, कारण तिथे गाडी लावायला जागा नसते आणि अंधार असतो. डिसेंबरात ब्लँकेटे इतकी येतात की लोक ती विकून टाकतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि ताडपत्रीची खरी गरज लागली की फोन करून करून आम्ही थकतो. मुंबईच्या बेघराला थंडीपेक्षा पावसाळा भारी जातो, हे देणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

यापेक्षा मोठी अडचण माणसे निवडण्याची आहे. देणाऱ्याला कोणाला द्यायचे हे ठरवता येते. लहान मूल कडेवर असलेल्या बाईला लगेच मिळते. हात जोडणाऱ्या म्हाताऱ्याला मिळते. दारू प्यायलेल्या माणसाला मिळत नाही. अंगावर ओरडणाऱ्या, स्वतःशी बोलणाऱ्या, कपड्यांची शुद्ध नसलेल्या माणसाला कोणी जवळ करत नाही. क्षयाचा खोकला ऐकू आला की आमचेही स्वयंसेवक दोन पावले मागे सरतात. त्यांना दोष देता येत नाही, ती स्वखुशीने आलेली माणसे आहेत. पण रस्त्यावरच्या ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, तोच या पद्धतीत शेवटी उरतो. सरकारला असे निवडता येत नाही, आणि येऊही नये. आणि आम्ही उद्या हे काम बंद केले, तर त्या फूटपाथवरच्या माणसाने तक्रार कोणाकडे करायची? आम्ही कोणालाच बांधील नाही.

आपण म्हणाल, महाराष्ट्राला सेवेची थोर परंपरा आहे. आहेच. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ हे सूत्र आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून त्यांच्या घरी पोहोचवणारे डॉ. भरत वाटवानी यांचे कर्जतचे काम जगाने पाहिले. २०१८ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या लोकांपुढे मी नतमस्तक आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बेघर मनोरुग्णाला मोफत उपचाराचा हक्क दिला आहे, आणि असा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घेण्याचे कर्तव्य पोलीस ठाण्यावर टाकले आहे. मग प्रत्येक जिल्ह्याने एका वाटवानींची वाट का पाहायची?

मदत हक्कात बदलणे महाराष्ट्राला नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, ते आज आजी-आजोबा आहेत. त्या दुष्काळातून आपण रोजगार हमीचा कायदा केला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली ती योजना १९७७ साली विधिमंडळाने कायद्यात बसवली : मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ पासून व्यवसाय कर लावला. आजही या राज्यातल्या पगारदाराच्या पावतीवर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले दिसतात. गावातल्या भुकेल्यासाठी शहरातल्या नोकरदाराने पैसे द्यायचे, आणि तेही कोणाच्या उपकाराशिवाय, कायद्याने. त्या वेळी सावकार आणि देवस्थाने काय ते बघतील, असे कोणी म्हटले नाही. हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी करून दाखवले, म्हणून आजच्यांकडे मागते आहे.

बेघरांच्या बाबतीत नियमसुद्धा नव्याने करायला नकोत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अन्नाच्या हक्काच्या याचिकेत मोठ्या शहरांसाठी प्रमाण ठरवून दिले : दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, बारमाही आणि चोवीस तास उघडा. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना आली. माणशी निदान ५० चौरस फूट जागा, पाणी, न्हाणीघर, स्वयंपाकघर, सगळे कागदावर लिहिलेले आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे तेव्हाच्याच आकड्यावर १२४ निवारे हवेत. आज मुंबईत जेवढे आहेत, ते या संख्येच्या आसपासही नाहीत. त्याच जनगणनेत मुंबईत ५७,४१६ आणि राज्यात २ लाख १० हजारांहून अधिक बेघर मोजले गेले होते. एका रात्रीत, बॅटरी घेऊन, झोपलेल्या माणसांमधून फिरून केलेली ती मोजणी. ती कमीच भरली असणार, असे रात्री फिरणारा कोणीही सांगेल.

आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्या उपजीविका अभियानाची मुदतही संपली. केंद्राचा पैसा आला तर निवारा चालवू, नाही तर संस्थेला सांगू की तुमचे तुम्ही बघा, असे महापालिकांनी करायचे का? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी दारिद्र्य कमी करणे आणि दुर्बळांच्या हिताचे रक्षण ही नगरपालिकांची कामे म्हणून नोंदली आहेत. रस्ते आणि गटारे यांच्यासाठी जसे अंदाजपत्रकात दरवर्षी पैसे धरले जातात, तसे निवाऱ्यांसाठीही धरले पाहिजेत, आणि तसे बंधन आपल्या खात्याने घातले पाहिजे.

‘सगळेच सरकारने द्यायचे का?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो, आणि सुशिक्षित माणसांकडून जास्त. जुलै २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जनहित याचिकेत म्हटले होते की बेघरांनीही देशासाठी काम केले पाहिजे आणि राज्य सगळे काही पुरवू शकत नाही. न्यायालयाचा पूर्ण आदर ठेवून सांगते, मला भेटणारी बहुतेक माणसे कामच करतात. कोणी पहाटे मार्केटात हमाली करतो, कोणी लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी म्हणून जातो, कोणी नाक्यावर बिगारी म्हणून उभा राहतो. बायका दादरच्या फुलबाजाराच्या जवळ बसून गजरे करतात, भंगार वेचतात. पारधी कुटुंबे आहेत, जी पिढ्यान्‌पिढ्या हुसकावलीच गेली आहेत. त्यांच्याकडे काम आहे, पण त्या कामाच्या मजुरीत या शहरात खोली येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच ओल्गा टेलिस खटल्यात हे ओळखले होते : माणसे फूटपाथवर राहतात कारण पोटापाण्याचे साधन तिथून जवळ असते, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो खटला याच मुंबईच्या फूटपाथवरून गेला होता.

दुसरा आक्षेप आपले अधिकारी घेतील, आणि त्यात तथ्य आहे : जे निवारे आहेत, तिथेच खाटा रिकाम्या राहतात. का राहतात ते मी लोकांना विचारले आहे. नवरा-बायकोला वेगवेगळे पाठवतात, मुलगा जरा मोठा झाला की आईबरोबर राहू देत नाहीत. हातगाडी आणि बोचके आत नेता येत नाही, बाहेर ठेवले तर सकाळी सापडत नाही. केटरिंगचे काम रात्री एकला संपते आणि दार त्याआधीच बंद होते. निवारा नाक्यापासून इतका लांब असतो की पहाटेच्या कामावर पोहोचता येत नाही. प्यायलेल्याला परत पाठवतात, आणि तो नेमका पावसात भिजून न्युमोनियाने दगावतो. ही सगळी कारणे दूर करता येण्याजोगी आहेत. कुटुंबांसाठी वेगळे निवारे, एकट्या बायकांसाठी वेगळे, सामानाला कुलूपबंद कपाट, आणि जागा बाजार, स्टेशन, रुग्णालय यांच्या जवळ. पटसंख्या घटल्याने बंद पडलेल्या पालिका शाळांच्या इमारती आहेत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हीच शाळांची दारे काही दिवसांत उघडली गेली होती. जागा नाही, हे उत्तर त्यानंतर मला पटत नाही.

निवारा सरकारचा म्हणजे तो सरकारी बाबूंनीच चालवावा, असे मी म्हणत नाही. चालवायला संस्था चांगल्या. माणसे नावाने ओळखणे त्यांना जमते. पण मग संस्थेला पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. अनुदान थकले की निवाऱ्यातली पहिली कपात जेवणाची होते, दुसरी रात्रीच्या काळजीवाहकाची. पगार न मिळालेला काळजीवाहक किती दिवस राहील? संस्था मग वर्गणी मागत फिरते आणि ज्याला सरकारी निवारा म्हणतात तो प्रत्यक्षात पुन्हा दानावर चालू लागतो.

राज्यातला १९५९ चा भीक-प्रतिबंधक कायदा हा आपल्या खात्याचा विषय नाही, पण मंत्रिमंडळात आपण बसता म्हणून लिहिते. त्यात भिक्षेकरी कोण, याची व्याख्या अशी की उदरनिर्वाहाचे उघड साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी भिक्षेवर जगत असावा अशा अवस्थेत फिरणारा माणूसही त्यात बसतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत डांबण्याची तरतूद आहे. दिल्लीत याच कायद्याची कलमे उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरवली. आपल्याकडे तो कायदा जिवंत आहे. निवारा द्यायचा नाही आणि निवारा नाही म्हणून पकडायचे, हे एकाच राज्याने करू नये. महापालिकेची गाडी येऊन फूटपाथवरचे सामान उचलते, तेव्हा भांड्यांबरोबर आधार कार्ड आणि रुग्णालयाचे कागद जातात. ते परत मिळवायला आमचे महिने जातात.

पत्त्याअभावी रेशन कार्ड मिळत नाही, हे नेहमीचेच. पण मतदार यादीसाठी निवडणूक आयोगाने फार साधी वाट काढली आहे : बेघर माणसाने अर्ज केला की बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा नोंदणी अधिकारी, रात्री त्या जागी जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का, हे पाहतो, आणि वेगळ्या पुराव्याशिवाय नाव नोंदवतो. मतासाठी जर फूटपाथ हा पत्ता चालतो, तर रेशनसाठीही चालला पाहिजे. हीच पद्धत शिधावाटप कार्यालयांनी उचलावी, यासाठी आपण अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांशी बोलावे, ही विनंती.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. त्याआधी राज्यातल्या प्रत्येक महापालिकेने लाखामागे एक या हिशोबाने किती निवारे हवेत, किती आहेत आणि उरलेले कोणत्या वर्षी, कोणत्या वॉर्डात होणार, हे जाहीर करावे, असा आदेश आपण काढावा. निवारा चालवणाऱ्या संस्थांची थकलेली देयके पुढच्या आर्थिक वर्षाआधी चुकती करावीत. परळ-दादर भागात कुटुंबांसाठी निवारा झाला, तर तिथल्या प्रत्येकाचे आधार, रेशन, बँक खाते आणि मुलांचा शाळाप्रवेश यांचे काम आमचा गट अंगावर घेईल. तेवढे आम्हाला नक्की जमते. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
रात्रीचे जेवण वाटणारी एक स्वयंसेविका
परळ, मुंबई