आधी धपाटे खा, मग फोन चालू कर

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री मित्राच्या नंबरवरून बोललास, "आई, फोनवर 'व्हायरस शिरलाय' असं पान आलं, फोन हॅक झालाय, बंद करून पेटीत ठेवलाय," अन् ठेवूनच दिलास. आता तुला फोन तरी कुठं लावू? शेजारचे मामा सकाळच्या एसटीनं संभाजीनगरला निघालेत. त्यांच्याजवळ धपाटे, शेंगदाण्याची चटणी अन् ही चिठ्ठी देतेय.

हीच फजिती माझीही झालीय, तुला सांगितली नव्हती. मागच्या महालक्ष्म्यांच्या वेळी आरास कशी करावी ते फोनवर बघत होते. एकाएकी पडदा लाल झाला, फोन थरथरायला लागला. "तुमच्या फोनमध्ये 4 व्हायरस, 2 मिनिटांत सिमकार्ड निकामी होईल." खाली आकडे उलटे पळायलेत, वर आपल्या फोनचं मॉडेल बरोबर लिहिलेलं! वाटलं, याला एवढं माहीत म्हणजे हा आत शिरलाच. त्यात अंगणवाडीच्या लेकरांची सगळी नोंद त्याच फोनवर. तशीच अनवाणी मोबाइलच्या दुकानात पळाले. त्यानं तोंड वाईट करून 400 रुपये घेतले अन् फोन फॉरमॅट मारला. शेतातल्या येळवशीच्या सणाचे फोटो त्यातच गेले. कोपीपुढं बसून आजोबा आंबील पितायत, मिशीला पांढरं लागलंय, तो फोटो आठवतो का? त्यांचा तसा दुसरा नाही.

नंतर आमच्या मॅडमनी समजावलं. ते नुसतं जाहिरातीचं पान असतं. इंटरनेटवरच्या पानाला आपल्या फोनमधला व्हायरस तपासताच येत नाही. मॉडेलचं नाव आपलं ब्राउझरच त्याला सांगतं, अन् फोन थरथरवणंही पानाला जमतं. दारात उभं राहून "घरात दोष आहे" म्हणणाऱ्या बुवासारखं ते. त्यानं घर आतून कुठं बघितलेलं असतं? पुढं एकदा तेच आलं तेव्हा मी मुद्दाम आकडे शून्यावर जाऊ दिले. चुलीवरचं दूध तेवढं उतू गेलं.

तर फोन चालू कर, पण आधी नेट बंद. क्रोम उघडल्यावर तेच पान समोर येईल. त्यावर कुठंच दाबू नको, त्यातल्या फुलीवरसुद्धा नाही. ती फुलीही त्यांनीच काढलेली असते. क्रोमच्या वरच्या पट्टीतल्या आकड्याच्या चौकोनात जाऊन तो टॅब बंद कर, मग हिस्टरी पुसून टाक. त्यानंतरही वरून तसले मेसेज टपकत राहिले तर चुकून कुठंतरी "अलाऊ" दाबलं असशील. तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथं अनोळखी नाव दिसेल ते ब्लॉक कर.

घाबरून एखादं "क्लीनर" अ‍ॅप उतरवलं असशील तर काढून टाक अन् प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टनं फोन तपास. पण कार्डाचा नंबर, ओटीपी किंवा पिन कुठं भरला असशील, तर मला सांगायच्याही आधी बँकेला अन् सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या 1930 नंबरला फोन कर, मित्राच्या फोनवरून का होईना. लपवू नको. मी 400 रुपये तीन महिने लपवले होते.

कुठला फुकटचा सिनेमा बघत होतास, ते आत्ता विचारत नाही. दिवाळीला आलास की विचारीन.

डबा मामांच्याच हाती परत दे, झाकणासकट. फोन लागला की एक रिंग दे.

तुझी,
आई