मोजमापाचं काम

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "दिवसभर मशीनवर बनलेले भाग नुसते मोजायचे, त्यात शिकायचं एवढं काय?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

समजा, १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा आहे आणि ड्रॉइंगवर 'स्मॉल एच ६' टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट दिलीय. म्हणजे तो १०० च्या वर जरासुद्धा जायचा नाही, आणि खाली गेला तर फार तर ०.०२२ मिलिमीटर. डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ०.०७ धरली, तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच सूट. आमच्या व्हर्नियरचा, म्हणजे सरकपट्टीच्या साधनाचा लीस्ट काउंटच (वाचता येणारं लहानात लहान माप) ०.०२, त्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही. ०.००१ पर्यंत वाचता येणारा मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रू फिरवून माप घ्यायचं साधन, घ्यावा लागतो. सूट जेवढी, तिच्या दहाव्या भागापर्यंत तरी साधनाला वाचता आलं पाहिजे, असा साधारण दंडक आहे.

पण खरं शिकायचं ते पुढेच. मला सगळ्यात जास्त गुंगवलं ते तापमानानं. मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे जगभर मानलेलं तापमान आहे, १९३१ मध्ये ठरलेलं. मशीनवरून नुकता उतरलेला जॉब, म्हणजे बनवलेला भाग, ४० अंशांवर असेल, तर १०० मिलिमीटरला स्टील सुमारे ०.०२३ नं फुगलेलं असतं. म्हणजे सगळी सूट उष्णतेनंच खाल्ली! गरम असताना बरोबर मापात दिसलेला शाफ्ट थंड झाल्यावर लहान निघतो. म्हणून जॉब आणि साधन दोन्ही सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर ठेवून द्यायचे, एकाच तापमानाला येऊ द्यायचे. दोन्ही स्टीलचेच असले की बरंचसं सांभाळून जातं. ॲल्युमिनियमचा जॉब असला की मात्र सावध राहायचं, कारण ते स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. मायक्रोमीटरच्या फ्रेमवर प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या हाताची ऊब आत जाऊ नये म्हणून. आई, तुला हे नक्की आवडेल.

मग हाताचा भाग येतो. आधी जॉब पुसायचा, कडेचा बर, म्हणजे वर आलेली धारदार कड काढायची, मायक्रोमीटर मिटल्यावर शून्य दाखवतो ना ते तपासायचं. थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, थेट पिळायची नाही, तिच्या टोकाचा रॅचेट (ठरावीक दाबानंतर घसरणारी मूठ) फिरवायचा आणि दोन-तीन 'टिक' झाले की थांबायचं. दाब माणसागणिक बदलला तर रीडिंगही बदलतं. मला इथलं हेच फार पटतं की माप माझं एकटीचं नसतं. त्याच शाफ्टवर दुसऱ्यानं मायक्रोमीटर लावला, तरी तोच आकडा यायला हवा.

बाबा, तुम्ही हेही विचाराल की मायक्रोमीटर बरोबर आहे हे कशावरून? त्यासाठी स्लिप गेज असतात, स्टीलच्या छोट्या चौकोनी वड्या. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सननं १८९६ मध्ये ही कल्पना काढली. त्यांचे पृष्ठभाग इतके सपाट की स्वच्छ करून एकमेकींवर सरकवल्या तर चिकटून बसतात, आणि हव्या त्या मापाची रास लावता येते. त्या वड्याही ठरावीक मुदतीनं वरच्या प्रयोगशाळेत तपासून येतात.

पुढे मला सीएमएम, म्हणजे कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन शिकायचंय. त्यात प्रोब, म्हणजे टोकाला गोळी असलेली सळी, जॉबला स्पर्श करून बिंदू टिपतो आणि संगणक त्यावरून आकार काढतो. तिथे प्रोब आधी प्रमाणित गोळ्यावर तपासून घ्यावा लागतो, एवढं वाचून झालंय. बाकी शिकले की लिहीन.

तब्येतीला जपा.

तुमची लेक