या वेळेस विचारतेय

तीर्थरूप आई, बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना हल्ली नीट ऐकू येत नाही आणि आई तुझ्याशी बोलायला लागलं की पाच मिनिटांत विषय काय जेवलीस आणि भाजी कुठली केलीस यावर जातो, म्हणून हे टाइप करतेय आणि दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय. त्याला सांगितलंय पिंपळगावला गेलास की प्रिंट काढ आणि अक्षर मोठं करून काढ. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा. मध्ये एका जागी तुम्ही कदाचित थांबाल, तर आई तू पुढचं दादाकडून वाचून घे.

तर पुढच्या शनिवारी आपल्या दादाच्या चिमीचा पदवीदान समारंभ आहे, इथे नाशकात, मी शिकवते त्या कॉलेजमध्येच, सकाळी दहाला. तुम्ही दोघांनी यावं असं मला फार वाटतं. पण मी ठरवून टाकलेलं नाही, मी विचारतेय.

झालं असं की परवा रात्री जेवताना चिमी म्हणाली, आत्या, मम्मी-पप्पांना सांगितलंय मी, पण आजी-आजोबांना नको सांगायला, फेब्रुवारी आहे, द्राक्षांची तोडणी चालू असणार, आजीला गाडी लागते, आजोबांचे गुडघे, कशाला उगाच त्रास. तिने काही वाईट मनाने नाही म्हटलं, तुमच्यावर तिचा जीव आहे आणि म्हणूनच म्हटलं. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला, कारण गुडघे सोडले तर हेच सगळं मी एकदा मनातल्या मनात म्हटलं होतं आणि तेव्हा मला थांबवायला समोर कुणी नव्हतं.

२००६ ला मी बीएस्सी झाले. कॉलेज नाशकात असलं तरी विद्यापीठ पुण्याचं, ते १९४९ पासूनचं आहे, आणि पुणे, नगर, नाशिक तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं त्याच्याकडेच, त्यामुळे पदवी हवी तर फॉर्म भरायचा आणि समारंभाला जायचं तर पुण्याला जायचं. स्वतः हजर राहून घेणार की पोस्टाने, ते फॉर्मवरच लिहायचं होतं. माझ्या वर्गातल्या तीनचार मुली जाणार होत्या, एकीचे आईवडील आदल्या दिवशीच जाऊन नातेवाइकांकडे राहणार होते. मी फॉर्म घेऊन एसटीत बसले आणि पिंपळगाव येईपर्यंत सगळा हिशोब करून मोकळी झाले. तिघांचं भाडं, पहाटे ठक्करबाजारवरून गाडी, सिन्नर संगमनेर नारायणगाव करत पाच-साडेपाच तास, आईला घाटात हमखास गाडी लागणार, बाग उतरायला आलेली, व्यापारी कधीही येऊन उभा राहील, मजूर सांगितलेले. त्याच्या आदल्या वर्षी व्यापारी पैसे बुडवून पळाला होता आणि माझी फी आईने बचत गटातून उचल घेऊन भरली होती ते मी विसरले नव्हते. मग मी पोस्टावर खूण केली.

आणि बाबा, त्याच आठवड्यात तुम्ही मला विचारलंत. बागेत होतात, हातात कात्री होती. म्हणालात, तुमचा तो कार्यक्रम असतो ना गं, पदवी द्यायचा, तो कधी आहे. मी म्हटलं नाही बाबा, आता तसं काही नसतं, पोस्टाने येते. तुम्ही म्हणालात बरं, आणि परत घड साफ करायला लागलात.

हे खोटं होतं. कार्यक्रम होता. मी तुम्हाला तसं आजपर्यंत सांगितलेलं नाही.

तुम्हाला वाटू नये की मला तुमची लाज वाटली म्हणून मी टाळलं, तसं अजिबात नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मला वाटलं मी तुमचा त्रास वाचवतेय, समजूतदार लेक म्हणून. पण त्रास घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं होतं ना. तुम्ही म्हणाला असता बाग राहू दे दोन दिवस, किंवा म्हणाला असता नाही जमत पोरी, तू जाऊन ये. दोन्ही चाललं असतं. मी तुम्हाला बोलायला जागाच ठेवली नाही.

मग पदवी आली, उन्हाळ्यात, रजिस्टर पोस्टाने. आईने ते पाकीट न फोडता देव्हाऱ्यापुढे ठेवून हळदीकुंकू वाहिलं. आणि बाबा, तुम्ही चार दिवसांनी बाजाराच्या दिवशी ती पिंपळगावला नेऊन लॅमिनेशन करून आणलीत आणि मी तुमच्यावर ओरडले, मूळ प्रमाणपत्राला असं करायचं नसतं, नोकरीच्या वेळी तपासणीला अडचण येते, तुम्हाला कळत कसं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात की पावसापाण्यात खराब होऊ नये म्हणून. बाबा, त्या ओरडण्याबद्दल मला माफ करा. ज्या कागदाचा समारंभ मी तुम्हाला दाखवला नाही तो कागद तुम्ही जपत होतात, आणि मी तुम्हाला नियम सांगत होते.

आता आमच्या कॉलेजचं सांगते. काही वर्षांपासून पदव्या कॉलेजातच देतात, पुण्याला जावं लागत नाही, हे फार चांगलं झालं. विद्यापीठाचं नाव २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, आई तुला मी सांगितलं होतं तेव्हा, आणि तू म्हणाली होतीस बाईचं नाव दिलं ते बरं केलं. त्या समारंभात माझ्याकडे दरवर्षी पालकांना बसवायचं काम असतं. इतर शिक्षक स्टेजचं, पाहुण्यांचं, फोटोचं काम मागून घेतात, मी हेच मागून घेते. पहिल्या वर्षी नाइलाजाने मिळालं होतं, आता कुणी दुसऱ्याला देऊ म्हटलं तर मी देऊ देत नाही.

तुम्हाला काय सांगू किती प्रकारची माणसं येतात. कार्यक्रम दहाचा असला तरी आठपासून गेटवर लोक. सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडचे तर पहिल्या गाडीने निघालेले असतात, काही आदल्या रात्रीच कुणाकडे तरी येऊन राहिलेले. गेल्या वर्षी एक वडील सातपूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून थेट आले, सिक्युरिटीचा युनिफॉर्म अंगावर, मला विचारतात मॅडम असं चालेल का आत. मी त्यांना पुढून तिसऱ्या रांगेत बसवलं. आणि द्राक्षवाले तर विचारूच नका, आपल्या निफाडकडचे, दिंडोरीचे, फेब्रुवारी असूनही येतात. हे लोक येतात बाबा. बागेत तोडणी चालू ठेवून, भावाला नाहीतर शेजाऱ्याला उभं करून दोन तासांसाठी येतात आणि जेवायला न थांबता परत जातात. एकांना मी म्हटलंसुद्धा की काका, तोडणी चालू असेल ना. ते म्हणाले हो चालू आहे की. बस एवढंच. त्यांना तो प्रश्न पडलेलाच नव्हता, आणि मी मात्र त्या एका प्रश्नावर तुमचा अख्खा दिवस काढून टाकला होता.

आमच्याकडे शिपाई म्हणून एक मावशी आहेत, त्यांनी मुक्त विद्यापीठातून बीए केलं. ते विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे, गोवर्धनला, गंगापूरच्या पुढे, १९८९ ला सुरू झालं, ज्ञानगंगा घरोघरी असं त्यांचं ब्रीद आहे आणि मावशींच्या घरी खरंच ती तशी आली. त्यांच्या पदवीच्या वेळेस त्यांनी दोन्ही मुलांना सोबत नेलं, धाकट्याची बारावी तोंडावर असताना. मी म्हटलं मावशी त्याला कशाला नेलं, अभ्यास बुडाला असेल. तर म्हणाल्या, मॅडम मी रात्री वाचायला बसायचे तेव्हा भांडी त्यानेच घासलीत तीन वर्षं. त्यावर मी काय बोलणार. मला आई तू आठवलीस, पहाटे चारला चूल पेटवायचीस, मी सहाच्या एसटीने निघायचे, डबा गरम असायचा इतका की पिशवीतून पायाला चटका बसायचा. तीन वर्षं, थंडीत सुद्धा. आणि निफाडची थंडी म्हणजे बागेत शेकोट्या पेटवायला लागतात तसली.

आता ते सांगते ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

कार्यक्रमात आधी मिरवणूक येते, प्राचार्य, पाहुणे, विभागप्रमुख रांगेत चालत स्टेजवर जातात, मग राज्यगीत, मग भाषणं होतात, ती जरा लांबतात. मग एकेका मुलाचं नाव पुकारतात. आमच्याकडे काळा झगा नाही, मुलांच्या खांद्यावर उपरणं असतं. नाव पुकारताना पूर्ण पुकारतात, आधी मुलाचं, मग वडिलांचं, मग आडनाव. गेल्या वर्षी एका मुलीचं नाव पुकारलं आणि पालकांमधून आवाज आला, हजर. तिचे आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे असतील, मुलीचे वडील वारलेले, आजोबांनीच शिकवलेली. आपल्या मुलाचं नाव ऐकल्यावर त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. हॉलमध्ये एकदम शांतता झाली, आणि मग ज्या टाळ्या वाजल्या त्या आधी कुणालाच वाजल्या नव्हत्या.

मी तेव्हा दाराशी उभी होते आणि मला पहिल्यांदा कळलं की मी नेमकं काय घालवलं. माझं नाव पुकारलं असतं तर बाबा, तुमचं नाव पुकारलं गेलं असतं. पुण्याला, विद्यापीठात, एवढ्या लोकांसमोर, माइकवर, माझ्या नावाला लागून. आणि तुम्ही समोर बसून ते ऐकलं असतं. तुमचं नाव सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत वाचलं गेलंय ते मी लहानपणी ऐकलंय, मार्केटमध्ये लिलावात ऐकलंय. असं कुठे वाचलं गेलेलं मला तरी आठवत नाही. मी एक खूण केली आणि ते झालंच नाही.

शनिवारी चिमीच्या नावापुढे दादाचं नाव येणार, तुमचं नाही. वहिनीचं नाव मार्कशीटवर आहेच. म्हणजे माझ्या वेळचं राहिलं ते शनिवारी भरून निघणार नाही, ते मला माहीत आहे आणि त्यासाठी मी तुम्हाला बोलवत नाहीये. पण दादाचं नाव तुम्हीच ठेवलंय ना, ते पुकारताना तुम्ही ऐकावं असं वाटतं. आणि चिमीला मी त्याच रात्री सांगितलं, सगळं सांगितलं, फॉर्मचं पण. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली आत्या तूच लिही, मला नाही जमणार. म्हणून मी लिहितेय, पण बोलावणं तिचंच समजा.

आता सोयीचं. शनिवारी सकाळी सातला आमची गाडी घराशी येईल, हे स्वतः येतील घ्यायला, एसटीचा विचारच करू नका. हायवेने आडगाव, पंचवटीतून अशोकस्तंभ आणि मग गंगापूर रोड, ट्रॅफिक धरून सव्वा तास. आई, रस्ता सरळ आहे, घाट नाही, तरी पुढच्या सीटवर तू बस आणि निघायच्या आधी चहा घेऊ नकोस, आल्याचा तुकडा जवळ ठेव. हॉल तळमजल्यावर आहे, तीनच पायऱ्या आहेत आणि बाजूने उतार पण आहे, बाबांना उतारावरून आणू. डावीकडच्या दाराजवळच्या खुर्च्या धरते म्हणजे पाय लांब करता येतील आणि बाथरूम तिथून जवळ आहे, मध्येच उठावं लागलं तर कुणाला ओलांडावं लागणार नाही. भाषणं चालू असताना बाहेर जाऊन बसलात तरी चालेल, नावं सुरू व्हायच्या आधी मी बोलवायला येते. बीएस्सीचा नंबर बीएनंतर लागतो, साधारण साडेअकरा होतील. बाबांची गोळी त्याच्या आधी घ्यायची आहे म्हणजे काहीतरी खाऊन, तर दशम्या बांधून आण आई, तुझ्या हातच्या, चिमीला पण हव्यात. कपड्यांचं काही नवीन घेऊ नका. बाबा, धोतर-टोपीच घाला. आई, ती मोरपंखी लुगड्याची घडी मोडली नसशील तर मोड.

नंतर पालकांसोबत फोटो काढतात, त्याला वेळ लागतो पण मी थांबवून ठेवीन तुम्हाला. दुपारी आमच्याकडे जेवण, मग वाटलं तर रात्री राहा, नाहीतर संध्याकाळच्या आत परत सोडू, ते तुमच्यावर.

आणि बाबा, बागेचं. दादा म्हणतो खालचा प्लॉट त्याच सुमारास उतरेल. व्यापाऱ्याने नेमका शनिवार धरला आणि तुम्हाला वाटलं की तिथे आपण उभं राहायलाच हवं, तर तसं सांगा. मी मनाला लावून घेणार नाही, चिमी पण नाही, तिची मी समजूत घालीन. गुडघ्याला नको वाटत असेल तरी सांगा. फक्त दादाच्या किंवा वहिनीच्या तोंडून निरोप नको, तुम्ही दोघांनी बोलून काय ते ठरवा आणि स्वतः मला फोन करा. ऐकू आलं नाही तरी चालेल, तुम्ही बोला, मी ऐकते.

चिमीच्या वाट्याला दोनच पास आलेत, ते दादा-वहिनीला. माझे स्टाफचे दोन मी तुमच्या नावाने लिहून ठेवलेत, पूर्ण नावं लिहिलीत दोघांची. गुरुवारपर्यंत कळवा, शुक्रवारी सकाळी खुर्च्यांची यादी छापायला जाते.

तुमची,
लेक