"काका, ही मी नाहीये"

प्रति,
संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या पोरांची इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉकवरची खाती बंद करायचा कायदा लागू झाला, तेव्हापासून आपल्याकडंही बंदी घाला असं जो तो म्हणतोय. घाला, माझी काही ना नाही. पण मी विट्यात २९ वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय आणि ह्या विषयाचं एक टोक रोज माझ्या काउंटरवर येऊन उभं राहतं, त्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा.

गेल्या जूनमध्ये दहावीतली एक मुलगी आयकार्डच्या फोटोला आली. स्टुलावर बसवली, मागं पांढरा पडदा, दोन लाईट, हनुवटी जरा खाली घे बाळा, झालं. कॉम्प्युटरवर फोटो उघडला तर ती बघतच राहिली आणि म्हणाली, "काका, ही मी नाहीये." मला वाटलं मस्करी करतेय, पण आवाज रडवेला होता. मग तिनं मोबाईल काढून स्वतःचा डीपी दाखवला, त्यात नाक तासून काढल्यासारखं, डोळे बाहुलीचे, रंग दोन शेड वर आणि गालावरचा तीळसुद्धा गायब. म्हणाली, असा करून द्या. मी म्हणलं, अगं मग गेटवरचा शिपाई तुला आत सोडायचा नाही. ती हसली नाही.

ही एकटीच नाही हो. आठवड्याला चार-पाच तरी अशी येतात, आणि पोरंही कमी नाहीत, त्यांना जबडा टोकदार पाहिजे नि दाढी भरल्यासारखी दिसायला पाहिजे, वय वर्षं १५. आता ह्यात फोटोवाला म्हणून मला जे कळतं ते सांगतो, कारण हे पोरांना कुणी सांगतच नाही. पहिली गोष्ट, सेल्फी काढताना स्क्रीनवर दिसतो तो आरशातला चेहरा, डावं-उजवं उलटं. दिवसातून पन्नास वेळा तोच बघायची सवय लागली की माझ्या कॅमेऱ्यातला सरळ चेहरा वाकडा वाटतो, भांग भलत्याच बाजूला दिसतो. दुसरी गोष्ट नाकाची. हात लांब करून, वाईड लेन्सनं, फूटभर अंतरावरून फोटो काढला की जे लेन्सच्या जवळ ते मोठं दिसणारच, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढं नाक. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये ह्याचं गणितच मांडलं होतं, १२ इंचावरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे बघा, आधी मोबाईलच नाक मोठं करून दाखवणार, मग त्याच मोबाईलमधला फिल्टर ते बारीक करून देणार, आणि पोरगी मधल्या मध्ये समजणार की माझ्या नाकातच खोट आहे. त्या मुलीला मी हे सगळं कॅमेरा पुढं-मागं करून दाखवलं, दोन फोटो शेजारी ठेवले. तिला पटलं. तरी जाताना म्हणाली, "पण काका, वर्गात सगळ्यांचे डीपी तसेच आहेत ना."

ह्याच्यापुढं माझी लेन्स काय करणार.

बरं, कंपन्यांना हे माहीत नाही असंही नाही. इन्स्टाग्राम फेसबुकच्याच मालकीचं. तिथंच काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन नावाच्या बाईंनी २०२१ मध्ये फेसबुकचे आतले कागद बाहेर काढले, त्यात कंपनीच्याच पाहणीत ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं की आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळं आणखी वाईट वाटलं. पुढं जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामनं बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर बंद केले, पण ह्या पोरांकडं चेहरा बदलायची वेगळी ॲप असतात, त्यात बदलायचा आणि मग टाकायचा, हाय काय नि नाय काय.

आता खरं बोलायचं तर हा धंदा आम्हीच सुरू केलाय. फिल्मच्या काळात मी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं मुरमं बुजवायचो, स्थळाला पाठवायच्या फोटोत मुलगी उजळ दिसली पाहिजे म्हणून प्रिंट मुद्दाम फिकी काढायचो, पुढं फोटोशॉप आल्यावर तर लग्नाच्या अल्बममध्ये अख्खं वऱ्हाड गोरं केलंय. त्याचे पैसे घेतलेत. फरक एवढाच की तेव्हा माणूस आयुष्यात दोन-तीनदा स्टुडिओत यायचा आणि घरी जाऊन आपलंच तोंड आरशात बघायचा. आता स्टुडिओ उशाशी घेऊन झोपतात, आणि वर मार्क द्यायला वर्ग बसलेला. ती मुलगीच सांगत होती, तासाभरात पन्नास लाईक नाही आले तर फोटो काढून टाकते, चांगलं नाही दिसत. कुणाला चांगलं नाही दिसत ते तिलाही सांगता येईना. तिची आयडी पण दोन, एक मामा-मावशीला दाखवायची आणि एक मैत्रिणींची. मी विचारलं ह्यातली खरी कुठली, तर म्हणे, दोन्ही नाहीत.

हे ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही.

बंदीचं म्हणाल तर आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला कंपन्यांना पालकांची परवानगी लागेल असं आहे, नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्याला दीड वर्षाची मुदत दिलीय. पण आमच्याकडं आईचा ओटीपी पोरगंच टाकतं, कारण आईला मोबाईल पोरानंच शिकवलेला. त्यापेक्षा आमच्याच सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावनं २०२२ च्या १५ ऑगस्टपासून केलं ते मला जास्त पटतं. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की गावात टीव्ही नि मोबाईल बंद, साडेआठपर्यंत. त्यात मालिका बघणारी आजी पण आली आणि रील बघणारा बाप पण आला, पोरांनाच तेवढं शहाणपण शिकवायचं असं नाही. विटा मोठं गाव, इथं भोंगा कुणाला ऐकू जाणार, पण निदान घरात एक कुकरची शिट्टी ठरवून घेता येईल की.

मी माझ्यापुरतं एवढंच केलं, की जुलैपासून काउंटरवर पाटी लावली, "१८ वर्षांखालील मुलांचा चेहरा गोरा किंवा बारीक करून मिळणार नाही." खाली टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर लिहिलाय, फुकट आहे, मन लागत नसलं की कुणीही फोन करावा. गिऱ्हाईक तुटलं, समोरच्या गाळ्यात वीस रुपयांत करून देतात. चालायचंच.

गेल्या सोमवारी तीच मुलगी आईला घेऊन आली, बँकेच्या खात्याला दोघींचे फोटो पाहिजे होते. पोरीचा काढला, जसा आला तसा दिला, तीळ जागेवर, ती काही बोलली नाही, घडी न पडता वहीत ठेवला. आईनं पाटी सावकाश वाचली आणि मला म्हणाली, "भाऊ, तिचा नका करू, बरोबर आहे. पण माझा तेवढा उजळ करा की, मी अठराच्या वर आहे."

आपला,
एक फोटोवाला, विटा (जि. सांगली)