मोकळ्या कापडाची गोष्ट

प्रिय सखे,

तुझं पत्र परवा मिळालं. माझ्या नव्या क्विल्टचा, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीचा, फोटो पाहून तू विचारलंस, "एवढं सगळं मोकळंच सोडलंस? जुनं काम विसरलीस का?" विसरले नाही गं. उलट ते हातात मुरलं नसतं, तर एवढं मोकळं कापड सोडायची छातीच झाली नसती.

आठवतं ना, पाव इंचाच्या शिवणीवरून आपण किती वाद घालायचो? प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजू मिळून इंचाचा आठवा भाग जास्त गेला, तर आठ शिवणींत अख्खा इंच जातो आणि ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, शेजारच्या ब्लॉकला जुळत नाही. मधल्या चौकोनाभोवती लॉग केबिन नमुन्याच्या पट्ट्या लावताना, त्रिकोणांची टोकं गाठताना ही शिस्त अंगी बाणली. मला ते काम मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं. फक्त पहिला ब्लॉक झाला की पुढचं सगळं ठरलेलं असायचं, आणि मला मध्येच काहीतरी वेगळं करावंसं वाटू लागलं होतं.

मग जीज बेंडच्या क्विल्टांचे फोटो पाहिले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावरची ही कृष्णवर्णीयांची छोटी वस्ती. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शेतात झिजलेले कपडे फाडून क्विल्ट शिवत आल्या. मिसूरी पेटवे या बाईनं १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्याच कामाच्या कपड्यांचा क्विल्ट शिवला. त्याची आठवण राहावी आणि मायेनं अंगावर घेता यावा, एवढ्यासाठी. विटलेले निळे-करडे लांब तुकडे, कुठे डाग, कडा तिरक्या. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. २००२ मध्ये हे क्विल्ट ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागले. पुढे २००९ मध्ये मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही नव्या धाटणीचे क्विल्ट करणाऱ्यांची संघटना निघाली. प्लेन कापड, असमान मांडणी, मोजपट्टी न लावता कापलेले तुकडे, अशा ज्या गोष्टींचं आज नवं म्हणून कौतुक होतं, त्यातल्या कितीतरी या बायकांनी केव्हाच करून ठेवल्या होत्या. हे श्रेय त्यांना मिळायलाच हवं, असं मला फार तीव्रतेनं वाटतं.

आता माझ्या कामाचं सांगते. मी कागदावर आखत नाही. तुकडे भिंतीवरच्या फ्लॅनेलला चिकटवते, लांब जाऊन बघते, हलवते. पिवळा तुकडा बोटभर खाली सरकला तरी सगळ्या क्विल्टचा तोल बदलतो. तो कुठे थांबवायचा, हे सांगायला कुठलाच नमुना नसतो, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

छापील कापडात टाके लपतात, प्लेन कापडावर एकेक टाका दिसतो. शिवाय मोकळी जागा मोठी असली तरी टाके विरळ ठेवून चालत नाही. दोन ओळींत किती अंतर चालेल ते बॅटिंगच्या, म्हणजे आत घालायच्या मऊ थराच्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. ते ओलांडलं तर धुतल्यावर आतला थर सरकतो, गोळा होतो. म्हणून मी मशीनला वॉकिंग फूट हा कापड पुढे सरकवणारा खास पाय लावून अगदी जवळजवळ सरळ ओळी मारते. त्या पायानं वरचं कापड आणि अस्तर बरोबरीनं पुढे जातं. सगळ्या ओळी एकाच दिशेनं मारत गेले की कापड तिरकं ओढलं जातं, हे लक्षात ठेवून काही भागांत दिशा बदलते. फोटोत तुला जे रिकामं दिसलं ना, तिथेच माझे सर्वांत जास्त तास गेलेत.

तुझ्याकडे लॉग केबिनचे ब्लॉक पडून आहेत, म्हणालीस. त्यातला एकच घे. मोठ्या प्लेन कापडावर मध्यावर न ठेवता कोपऱ्याकडे सरकव आणि दोन दिवस नुसता बघत राहा. लगेच शिवू नकोस. ब्लॉकची बाहेरची पट्टी कोणत्या रंगाची आहे ते मला कळव, म्हणजे त्याच्याशी जाणाऱ्या प्लेन कापडाचे तुकडे पुढच्या पत्रासोबत पाठवते.

तुझीच,
मैत्रीण