दोन लाइनींचे पैसे घेऊन एकाच वायरवर जोडणी: बॅकअप इंटरनेटबाबत तक्रार

दि. १६ जुलै २०२५
विश्रामबाग, सांगली

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, सांगली शाखा

विषय: ‘स्वतंत्र मार्गाची’ म्हणून विकलेली दुसरी लाइन मुख्य लाइनच्याच वायरवर जोडल्याबाबत

महोदय,

मी कर सल्लागार आहे. विश्रामबागेत माझे छोटे ऑफिस आहे आणि माझ्यासह पाच जण तिथे काम करतात. मार्केट यार्डातले हळद आणि बेदाण्याचे व्यापारी, गणपती पेठेतले दुकानदार यांची जीएसटीची रिटर्न आम्ही भरतो. २०१९च्या महापुरापर्यंत ऑफिस खणभागात होते. आयर्विन पुलाखाली कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या वर्षी पाणी उतरल्यावर फायलींचा लगदा मी स्वतःच्या हातांनी बाहेर काढला आहे. एकाच गोष्टीवर सगळे अवलंबून ठेवायचे नाही, हे तेव्हापासून ठरवले. म्हणूनच फेब्रुवारीत तुमचा माणूस ‘बिझनेस बॅकअप’ योजना घेऊन आला तेव्हा मी फार घासाघीस न करता होकार दिला.

दोन लाइनी घेणारा राउटर आणि जोडणी मिळून ८,२६० रुपये, शिवाय दुसऱ्या लाइनचे दरमहा १,१८० रुपये, दोन्ही १८ टक्के जीएसटीसह. तुमच्या कोटेशनवर ‘दुसरी लाइन स्वतंत्र मार्गाने’ असे छापलेले आहे. त्याची प्रत जोडली आहे. जोडणीच्या दिवशी दोन्ही काळ्या वायरी खिडकीजवळच्या एकाच भोकातून आत आल्या, तेव्हाच मी विचारले होते. “आत येताना एकत्र दिसतात मॅडम, बाहेर वेगळ्या आहेत,” असे उत्तर मिळाले. मी विश्वास ठेवला.

शुक्रवारी, ११ जुलैला, दुपारी पावणेपाचच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारीसाठी खोदणाऱ्या जेसीबीने वायर तोडली. कपाटावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन्ही लाइनींच्या पांढऱ्या डब्यांवरचे (मोडेमवरचे) लॉसचे, म्हणजे बाहेरून सिग्नल येत नसल्याचे, लाल दिवे एकाच क्षणी लुकलुकू लागले. वायर तुटली याबद्दल माझी तक्रार नाही. रस्ता खोदला की वायर तुटणारच, आणि त्यासाठीच तर मी दुसरी लाइन घेतली होती. माझी तक्रार त्या दुसऱ्या लाल दिव्याबद्दल आहे.

सहा वाजता तुमचा लाइनमन आला. त्याने खांबावर चढून डबा उघडला आणि वरूनच सांगितले, “दोन्ही ह्याच डब्यातनं निघाल्यात मॅडम. मागची वायर एकच हाय.” त्याचा काही दोष नाही. पावसात भिजत त्याने रात्री साडेअकरापर्यंत जोड मारले. उघड्या डब्याचा फोटो मी घेतला आहे, तोही जोडला आहे. म्हणजे सहा महिने मी ज्याला बॅकअप समजत होते, ती त्याच वायरची दुसरी शेपटी होती.

११ तारीख म्हणजे काय, हे तुमच्या कॉल सेंटरला समजावून सांगता सांगता मी थकले. दर महिन्याला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचे रिटर्न, भरणाऱ्यांची ती शेवटची तारीख असते. ११ला भरले तर व्यापाऱ्याची बिले १४ तारखेला खरेदीदाराच्या टूबीमध्ये (त्याला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, जीएसटीआर-२बी) दिसतात. १२ला भरले की ती पुढच्या महिन्यात जातात, आणि तोवर खरेदीदाराला त्या बिलांवरच्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, घेता येत नाही. तो मग सरळ पैसे अडकवतो.

त्या दिवशी ११ जणांची रिटर्न बाकी होती. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ऑफिसच्या सर्व्हरवर, सर्व्हरला वायफाय नाही. त्यामुळे फायली पेनड्राइव्हवर घ्यायच्या, लॅपटॉपवर टाकायच्या आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून चढवायच्या, असे सुरू झाले. आमच्या इमारतीत आत रेंज धड मिळत नाही. माझी सहकारी लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्याच्या वळणावर बसली होती. सादर करताना ओटीपी व्यापाऱ्याच्या मोबाईलवर जातो. रात्री दहानंतर दोघांनी फोनच उचलला नाही, त्यांना तरी काय बोलणार? बारा वाजले तेव्हा सात झाली होती, चार राहिली. त्यातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या गुजरातमधल्या खरेदीदाराने ६ लाख ४० हजारांच्या मालावरचा ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३२,००० रुपये रोखून धरले आहेत. हा व्यापारी माझ्याकडे पहिल्यापासून आहे. “ताई, तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं,” एवढेच तो म्हणाला. मला ते फार लागले.

त्यात भर म्हणजे रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी, दोन्ही लाल दिवे चालू असताना आणि लाइनमन खांबावर असताना, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा तुमचा मेसेज आला. ती तक्रार कोणी आणि कशावरून बंद केली, हे मला लेखी हवे आहे.

दुसरा दोष राउटरचा. जोडणीच्या दिवशी तुमच्या तंत्रज्ञाने पहिल्या लाइनची वायर राउटरमधून काढून दाखवली आणि इंटरनेट लगेच दुसरीवर गेले. आम्हाला केवढे कौतुक वाटले होते! पण मे महिन्यात तुमच्या सिस्टीममध्ये चुकून माझ्या पहिल्या लाइनचे खाते बंद पडले, तेव्हा दुसरी चालू असूनही राउटर पहिलीलाच चिकटून बसला. तंत्रज्ञाने हाताने बदलून दिले आणि तो निघून गेला. कारण मी नंतर शोधून काढले. तो राउटर फक्त त्याच्या पोर्टला (वायर खुपसायच्या खाचेला) लावलेली वायर जिवंत आहे का एवढेच बघतो. बिघाड बाहेर असला तरी पांढरा डबा विजेवर चालूच असतो, त्यामुळे पोर्टचा हिरवा दिवा जात नाही आणि राउटरला सगळे ठीक वाटते. खऱ्या बिघाडात कोणी येऊन पोर्टातून वायर उपसत नाही. राउटरने दर काही सेकंदांनी बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ला, पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का बघावे, आणि दोन-तीनदा उत्तर आले नाही की लाइन बदलावी, अशी सेटिंग असते. याच राउटरच्या माहितीपत्रकात ती दिलेली आहे. तुमच्या माणसाने ती चालू केली नाही.

मला दुसरी लाइन खरोखर वेगळ्या वाटेने हवी आहे. दुसऱ्या रस्त्यावरच्या खांबावरून आणणे जमत नसेल तर खिडकीबाहेर अँटेना लावून सिमवर चालणारी जोडणी द्या, म्हणजे जेसीबीचा तिच्याशी संबंध राहणार नाही. कोणती लाइन कुठून येते, याचा हाताने काढलेला का असेना, नकाशा सही-शिक्क्यासह द्या. राउटरची सेटिंग बदलल्यावर चाचणी माझ्यासमोर करा, आणि ती पांढऱ्या डब्यात बाहेरून येणारी फायबर काढून करा, पोर्टातली वायर काढून नव्हे. फेब्रुवारी ते जुलै या सहा महिन्यांचे दुसऱ्या लाइनचे ७,०८० रुपये परत करा. जी सेवा दिलीच नाही, तिचे ते पैसे आहेत.

पैसे आणि लेखी खुलासा १५ दिवसांत मिळाला नाही तर मी तुमच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाईन, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन.

जोडणीचे काम मात्र १५ दिवस थांबू शकत नाही. २० तारखेला थ्रीबीची, म्हणजे कर भरण्याच्या जीएसटीआर-३बी रिटर्नची, शेवटची मुदत आहे. तो रविवार आहे, तरी ऑफिस चालू राहील. त्याआधी, शनिवारपर्यंत, माणूस पाठवा. संध्याकाळी सातनंतर जिन्याचे दार बंद होते, त्यामुळे येण्याआधी फोन करावा.

आपली ग्राहक,
कर सल्लागार, विश्रामबाग, सांगली