यंदा येळवशीच्या अमावास्येला येणं होणार नाही

ती. अप्पा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले तर आई, तू अर्धं ऐकूनच रडायला लागशील, म्हणून लिहितेय. अप्पा, मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

परवा शाळेत परीक्षेचं काम आहे म्हणाले, ते खोटं होतं. गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. तारीख ठरली, पैसेही भरले. कॅन्सर नाही, हे आधी वाचा.

दिवाळीत न्हाऊ घालताना तुझ्या हाताला माझ्या बेंबीखाली गोळा लागला होता. वायगोळा म्हणून तू ओवा दिलास. इथल्या पहिल्या डॉक्टरांनी गर्भाशयाची गाठ सांगितली, आठ दिवस डोळ्याला डोळा नव्हता. मग दुसरीकडे सोनोग्राफी केली. बाईंनी डाव्या बरगड्यांखाली यंत्र फिरवलं, श्वास रोखायला लावला, कुशीवर वळवलं, पुन्हा फिरवलं. तिथं पानथरी, डॉक्टर प्लीहा म्हणतात ती, नव्हतीच. ती ओटीपोटात उतरून बसली होती. तोच आपला गोळा. डॉपलरवर तिच्यात रक्त खेळताना मी स्वतः पाहिलं. सीटी स्कॅनमध्ये तेच आलं, शिवाय तिच्या देठाला पीळ पडलेला दिसला. मधूनमधून कळ यायची ती त्याचीच. पीळ घट्ट बसला तर रक्त तुटतं आणि पानथरी मरते, मग रात्री-अपरात्री धावाधाव. म्हणून थांबले नाही. तुम्हाला विचारलं असतं तर "जरा दम धर" म्हणाला असतात, मायेनंच म्हणाला असतात.

दुर्बिणीतून करणार आहेत. पानथरी जागेवर नेऊन जाळीच्या पिशवीत अडकवतात. रक्त चालू असेल तर ठेवणारच. नाहीच जमलं तर काढतील; त्यासाठी न्यूमोनिया वगैरेच्या लसी दोन आठवडे आधीच घेतल्यात. पानथरीशिवायही माणूस नीट जगतो, फक्त ताप अंगावर काढायचा नाही.

आई, तिला धरणारे बंध काहींचे जन्मतःच सैल असतात, काहींचे बाळंतपणात सैल पडतात. तू माझं पोट नीट बांधलं नाहीस असं मनात आणू नकोस. सव्वा महिना तू मला गार पाण्यात हात घालू दिला नव्हतास.

सहावीत हिवतापानं हीच पानथरी वाढली होती, अप्पा. दांडीला टॉवेल गुंडाळून तुम्ही मला सायकलवर तालुक्याला नेलंत. खड्डा आला की उतरून सायकल हातानं ढकलायचात, पोटाला हिसका बसू नये म्हणून. स्कॅनच्या टेबलावर तेच आठवत होतं.

इथं सगळी सोय आहे. सासूबाई डबा आणणार, जाऊबाई पोरांना शाळेत सोडणार. खोलीत गरम पाणी येतं. तुझी वाकळ बॅगेत सगळ्यात वर ठेवलीय.

आता ऐका. गुरुवारी निघायचं नाही. शनिवारी दादा गाडी घेऊन येईल. अप्पा, रात्रीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला एकटे जायचं नाही, आणि बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन शेतात जाऊ नकोस, गड्याकडे दे. येताना येसर आण, भज्जी नको, मला लगेच सोसणार नाही.

माझ्या वाटची आंबील शिवारात शिंपडा.

तुमची,
बबी